काखमा कयसा, चार वेळा: सगळ्यांच्या संग्रहातली पुनरुक्ती कशी सांभाळायची

आमच्या गावच्या वाचनालयाच्या दारात एक काळा फळा आहे. रोज सकाळी त्यावर एक म्हण, एखादी ओवी, नाहीतर कुणाचं तरी एखादं वाक्य लिहितात. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका गुरुवारी मी तिथे 'काखेत कळसा, गावाला वळसा' लिहिलं. डेअरीवर दूध घालून परतणाऱ्या एका आप्पांनी सायकल थांबवली आणि म्हणाले, "भाऊ, हाई तं सोमवारले लिखेल व्हतं ना!"

सोमवारची पाळी दुसऱ्या पोराची होती. त्याने अहिराणीत, म्हणजे आमच्या खानदेशातल्या बोलीत, 'काखमा कयसा, गावले वयसा' लिहिलं होतं. आम्ही दोघांनीही आमच्या एकाच संग्रहातून उचललं, फक्त वेगवेगळ्या ओळींवरून. घरी येऊन संग्रहाची गूगल शीट (ऑनलाइन तक्ता) उघडली तर ही म्हण चार ठिकाणी निघाली. चौघांनी पाठवलेली, चार तऱ्हांनी लिहिलेली, आणि यंत्राच्या लेखी चारही वेगळ्या.

म्हणी, ओव्या आणि सुविचारांचा हा संग्रह साठेक जणांचा आहे. अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहाद्याकडची माणसं आहेत, आणि पोटापाण्यासाठी सुरतेला नाहीतर पुण्याला गेलेलीही. आलेलं सगळं एका शीटमध्ये जमा होतं. दर वर्षी कुणीतरी नवा मुलगा किंवा मुलगी नोंदींचं काम हाती घेते, आणि दर वर्षी पहिल्या महिन्यात तोच प्रश्न येतो: तीच ओळ पुन्हा आली, आता काय करू? हे त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी ओळखा, कोणत्या जातीची पुनरुक्ती आहे

सगळ्यात वाईट सवय म्हणजे दोन सारख्या ओळी दिसल्या की एक पुसणं. ती मलाही होती. त्याचं काय झालं ते पुढे सांगतो. आधी बघायचं की या दोन ओळींचं एकमेकींशी नातं काय.

पहिली जात नक्कल. कुणीतरी पाठवलेला मेसेज दुसऱ्याने पुढे ढकलला, तिसऱ्याने आणखी पुढे, आणि तिघांनीही तोच आपल्याकडे पाठवला. अक्षर न अक्षर सारखं, शेवटी जोडलेलं हात जोडल्याचं चित्रसुद्धा सारखं. यात नवं काही नाही.

दुसरी जात पाठभेद. म्हण तीच, पण बोली वेगळी, एखादा शब्द वेगळा किंवा शेपूट वेगळं. 'काखेत कळसा' आणि 'काखमा कयसा' हे पाठभेद आहेत. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' आणि 'आंधयं दयस, कुत्रं पीठ खास' हेही. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितं जपून ठेवली आहेत. जुन्या पोथ्यांचं संपादन करणारे एकाच ग्रंथाच्या पाच प्रती मिळाल्या की चार टाकून देत नाहीत. एक पाठ वर घेतात, बाकीच्यांतले फरक खाली टिपतात. आपल्याला तेवढंच करायचं आहे, फक्त पोथीऐवजी फोनवर.

तिसऱ्या जातीपाशी नवखी माणसं हमखास फसतात. शब्द वेगळे, आशय एक. 'घरोघरी मातीच्या चुली' आणि 'कुठेही जा, पळसाला पाने तीनच'. या दोन वेगळ्या म्हणी आहेत. एकीत बाईचं घर आहे, दुसरीत रान. त्यांना एकमेकींत मिसळायचं नाही. मात्र 'घरोघर मातीन्या चुली' आली तर ती पहिलीचाच अहिराणी पाठ, ती पहिलीलाच जोडायची. आशय सारखा असलेल्यांसाठी एक वेगळा रकाना ठेवायचा, फळ्याच्या वेळी त्याचा उपयोग होतो.

शीटमध्ये ओळ दोनदा ठेवा

हे ऐकून नवी मुलं हसतात. पुनरुक्ती टाळायला निघालेला माणूसच सांगतो की प्रत्येक ओळ दोनदा लिहा! पण सगळं काम यावरच उभं आहे.

पहिल्या रकान्यात ओळ जशी आली तशी. पाठवणाऱ्याने 'पानी' लिहिलं असेल तर 'पानी'. शुद्धलेखन सुधारायचं नाही. आपल्याकडे पूर्वेला लेवा गणबोली, मध्ये आणि पश्चिमेला अहिराणी, शहादा-तळोद्याला गुजरी, सातपुड्यात पावरी. तुमच्या दृष्टीने जी चूक ती त्या माणसाच्या दृष्टीने त्याची आई बोलायची ती भाषा असते.

दुसरा रकाना 'शोध-ओळ'. हा फक्त यंत्रासाठी आणि तुमच्यासाठी, इथे निर्दयपणे सगळं सपाट करायचं. आमचे नियम असे आहेत. विरामचिन्हं, अवतरणचिन्हं, चित्रं सगळी काढायची. सुरुवातीचे अरे, अहो, बाई, गं, वं काढायचे. प्रत्येक 'ळ' चा 'य' करायचा, प्रत्येक 'ण' चा 'न'. दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व करायचे, म्हणजे 'आणि' आणि 'आणी' एकच होतात. शब्दांमधल्या जादा मोकळ्या जागा काढायच्या. शीटमध्ये 'ट्रिम' आणि 'सब्स्टिट्यूट' ही दोन सूत्रं यातलं बरंचसं काम करतात. एकदा बसवून घेतली की पुढे ओढत न्यायची.

'ळ' चा 'य' हाच आपल्याकडचा मुख्य काटा. डोळा-डोया, केळी-केयी, काळा-काया. खानदेशाबाहेर कुणी असा संग्रह करत असेल तर त्याला हा नियम लागणार नाही, तिथले काटे वेगळे असतील. या नियमाने थोडा गोंधळही होतो. 'माळ' ची 'माय' होते, 'काळा' आणि देहाची 'काया' एक होतात. होऊ द्या. शोध-ओळ फक्त 'इकडे बघ' एवढंच सांगते. त्या दोन ओळी एकच आहेत का, हे शेवटी डोळ्यांनीच ठरवायचं.

आता एक गंमत, जिने माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली. 'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही.' दोन नोंदी, स्क्रीनवर हुबेहूब, आणि यंत्र म्हणतं वेगळ्या. मी चष्मा पुसून चार वेळा वाचल्या. कारण असं निघालं की 'ऱ्या' मधला 'ऱ' वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या तऱ्हेने घडतो. कुठे तो एकच अक्षर असतो, कुठे 'र' खाली नुक्ता देऊन केलेला, कुठे 'र' चा पाय मोडून मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घातलेलं. दिसायला तिन्ही एकच. 'ॲ' चंही तसंच, कुठे अख्खं अक्षर, कुठे 'अ' वर चंद्र दिलेला. आणि 'स्वतः' मधला विसर्ग अर्ध्या लोकांनी विसर्ग म्हणून न देता दोन ठिपक्यांचं अपूर्णविराम चिन्ह म्हणून टाकलेला असतो. दिसायला सारख्या दोन ओळी यंत्राला वेगळ्या वाटल्या तर वाद घालत बसू नका. दोन्हींची शोध-ओळ एकाच कीबोर्डवर हाताने पुन्हा टाइप करा.

विरामचिन्हं काढण्यामागे आणखी एक कारण आहे. ओळ किती वेळा आली हे मोजायला आम्ही 'काउंटइफ' हे सूत्र वापरतो. त्या सूत्राला प्रश्नचिन्ह म्हणजे 'कोणतंही एक अक्षर' आणि तारा म्हणजे 'काहीही' असं वाटतं. प्रश्नार्थक म्हणी आणि उखाणे असले की मोजणी भलतीच येते.

बाकी रकाने साधे: नोंद क्रमांक, बोली, सांगणारी व्यक्ती आणि गाव, पाठवणारा, तारीख, 'जोड क्रमांक', आशय आणि 'फळ्यावर शेवटची तारीख'. सांगणाऱ्या आजीचं नाव तिला विचारूनच लिहायचं. नको म्हणाली तर फक्त गाव. फोन नंबर कुणाचाही लिहायचा नाही, शीट साठ जणांच्या हातात आहे.

नोंद करण्याआधी शोध, पण पूर्ण ओळीचा नाही

नवी ओळ आली की नवखा माणूस ती अख्खी शोधखान्यात चिकटवतो, काही सापडत नाही, आणि खुशीत नवी नोंद करतो. पूर्ण ओळ कधीच सापडणार नाही, कारण तीत कुठेतरी एक काना-मात्रा वेगळी असतेच.

ओळीतला सगळ्यात दुर्मीळ शब्द घ्या. 'काखमा कयसा, गावले वयसा' मध्ये 'गाव' शोधलात तर निम्मा संग्रह समोर येईल. 'कयसा' शोधा. शोध-ओळीत सगळे 'ळ' आधीच 'य' झालेले आहेत, म्हणून 'कळसा' लिहिणाराही तिथेच सापडतो. प्रत्यय सोडून द्या. 'काखेत', 'काखमा', 'काखेमध्ये' यांतलं 'काख' एवढंच पुरे. माय, बाप, संसार, देव, पाणी, माती या शब्दांवर शोध घेऊ नका, ते सगळीकडे आहेत. कुसळ, वळसा, पळस, जगन्नाथ अशा शब्दांवर घ्या, फक्त शोधताना त्यांतल्या 'ळ' चा 'य' करून.

दुसरी युक्ती महिन्यातून एकदा करायची. शोध-ओळीचा रकाना अक्षरक्रमाने लावा आणि वरून खाली वाचत या. सारख्या सुरुवातीच्या ओळी शेजारी येतात. मग एक तात्पुरता रकाना करून त्यात ओळीचा शेवटचा शब्द आधी ठेवा आणि पुन्हा क्रम लावा. लोक म्हणीच्या पुढे आपलं काहीतरी जोडतात ('आमच्याकडे म्हणतात की...', 'म्हणून तर...'), पण शेपटाला सहसा हात लावत नाहीत. दुसऱ्या फेरीत नेहमी जास्त सापडतं. हे काम दुपारी, चहा घेऊन, दोघांनी मिळून करायचं. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं. डोळा चुकतो तिथे कान पकडतो, कारण हा सगळा माल मुळात कानासाठीच आहे.

पुसू नका, जोडा

आता माझी चूक. शीटच्या 'डेटा' मेनूत 'डेटा क्लीनअप' आहे, त्यात 'रिमूव्ह डुप्लिकेट्स'. मला ते सापडलं तेव्हा सोनं सापडल्यासारखं वाटलं. फक्त ओळीचा रकाना निवडला, बटण दाबलं. ते साधन सारख्यांपैकी पहिली ओळ ठेवतं आणि बाकीच्या काढतं. त्यांच्यासोबत त्या ओळींची बाकीची माहितीही जाते. पारोळ्याकडच्या एका आजीने सांगितलेल्या सात-आठ म्हणी अशा गेल्या. त्या म्हणी आमच्याकडे आधीपासून होत्या हे खरं. पण त्या तिथेही बोलल्या जातात, तिच्या सासूच्या तोंडी होत्या, ही गोष्ट फक्त त्या पुसलेल्या ओळींतच होती.

शीटच्या 'व्हर्जन हिस्टरी' मध्ये जुनी प्रत असते, हे मला माहीत होतं. पण चूक लक्षात आली दहा दिवसांनी. तोवर लोकांनी नव्या नोंदी केल्या होत्या. जुनी प्रत परत आणली असती तर त्या गेल्या असत्या. मग जुन्या आवृत्तीची वेगळी प्रत काढून एकेक ओळ हाताने उचलली. तीन रात्री गेल्या. ते बटण आता आमच्याकडे कुणी दाबत नाही.

जोडायची पद्धत सोपी आहे. सारख्या ओळींपैकी एक 'मुख्य नोंद' ठरवा. बाकीच्यांच्या 'जोड क्रमांक' रकान्यात मुख्य नोंदीचा क्रमांक टाका. बस. 'काखेत कळसा' ही आमची ४१ क्रमांकाची नोंद आहे, बाकी तिघींसमोर ४१ लिहिलंय. फळ्यासाठी निवडताना ज्यांचा जोड क्रमांक रिकामा आहे तेवढ्याच ओळी दाखवा असं गाळण लावायचं. पुनरुक्ती दिसेनाशी होते, हरवत नाही.

मुख्य कोणती? आमच्यात यावर दोन बैठका झाल्या आणि एकदा आवाजही चढले. काहींचं म्हणणं होतं, प्रमाण मराठीतली मुख्य ठेवा, सगळ्यांना कळते. मला ते पटत नाही. जी सांगणाऱ्यासकट, गावासकट आली आहे ती मुख्य, मग ती कोणत्याही बोलीत असो. ४१ क्रमांकावर अजून प्रमाण पाठच बसलाय, कारण ती नोंद या नियमाच्या आधीची आहे. क्रमांक बदलायला मी तयार नाही, जुने संदर्भ तुटतात.

शुद्ध नक्कल असेल तरीही ओळ ठेवा, फक्त बोलीच्या रकान्यात 'नक्कल' लिहा. एखादी ओळ अठरा वेळा पुढे ढकलून आली, हेही कळायला हवं. त्यावरून सध्या गावात काय फिरतंय ते समजतं.

ओव्यांना हा नियम लावू नका

जात्यावरच्या ओव्या आल्या की म्हणींसाठी केलेली सगळी व्यवस्था कोसळते. 'पहिली माझी ओवी' ने सुरू होणाऱ्या ओव्या किती असतील? मोजायला बसू नये. पहिली ओळ हा जात्याचा खुंटा आहे, प्रत्येक बाई तोच धरते. अक्षरक्रम लावला की या सगळ्या एकाखाली एक येतात आणि नवखा मुलगा घाबरून सगळ्या एकीलाच जोडतो. आमच्याकडे हे झालेलं आहे.

ओवीत शेवटची ओळ बघायची. पहिली ओळ सारखी आणि शेवटची वेगळी, तर ओवी वेगळी. शेवटचीही सारखी, फक्त भावाचं नाव किंवा गावाचं नाव बदललेलं, तर पाठभेद. बाईने आपल्या भावाचं नाव घालावं म्हणून ती जागा मोकळीच असते. तिथलं नाव पुसून 'मूळ' नाव घालायचा उद्योग कुणी करू नये, मूळ असं काही नसतं. आणि गाण्यात धृपद पुन्हा पुन्हा येतं ते काढायचं नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हणायच्या गाण्यात दर कडव्याला परत येणारी ओळ कुणी 'रिपीट' म्हणून छाटली, तर मग झोका कशावर घ्यायचा?

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. एवढ्या मोठ्या साठ्यात सारखेपणा किती असेल याची कल्पना करा. तरी तो साठा आज उपयोगी पडतो, कारण प्रत्येक ओवीसोबत ती गाणारी बाई आणि तिचं गाव राहिलं आणि विषयवार मांडणी झाली. आपण पाच-सहाशे ओळींवर हात टेकतो, तेव्हा मला ते आठवतं.

ओळ एक, नावं तीन

सुविचारांमध्ये वेगळाच ताप. तेच वाक्य सोमवारी एका संताच्या नावाने येतं, बुधवारी एका शास्त्रज्ञाच्या, शुक्रवारी 'अज्ञात'. शोध-ओळ करताना शेवटचं नाव काढून टाका, म्हणजे तिन्ही एकत्र दिसतील. मग छापील पुस्तकात दाखवता येईल तेच नाव ठेवायचं. दाखवता येत नसेल तर नावाची जागा रिकामी. 'अज्ञात' सुद्धा लिहू नका, पुढे कुणीतरी ते टोपणनाव समजतो. साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेत शिकवलं, म्हणून आमच्या भागात कुठलंही मायाळू वाक्य त्यांच्या नावावर खपवायची रीत आहे. त्यातलं किती खरं, हे पुस्तक उघडल्याशिवाय ठरवू नका.

बहिणाबाईंच्या ओळींचं उलट आहे. तिथे नाव गळून पडतं. तव्याच्या आणि चटक्यांच्या त्या ओळी आमच्याकडे निदान सहा जणांनी 'आमच्या आजीची म्हण' म्हणून पाठवल्या आहेत, 'ळ' ने, 'य' ने, 'हाताला' ने, 'हाताले' ने. पाठवणारा खोटं बोलत नसतो, त्याने आजीच्याच तोंडून ऐकलेलं असतं. बहिणाबाई असोद्याच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. गाणी मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी उतरवून ठेवली, त्या १९५१ साली गेल्या आणि पुस्तक १९५२ मध्ये आलं. म्हणजे ओळी तोंडातून कागदावर गेल्या आणि कागदावरून पुन्हा तोंडात आल्या. आम्ही छापील पाठ मुख्य नोंद करतो, बहिणाबाईंचं नाव लावतो, आणि आजीचा पाठ तिच्या गावासकट जोडून ठेवतो. सांगणाऱ्याला 'ही तुमच्या आजीची नाही' असं सांगत बसत नाही.

फळ्यावर मात्र पुनरुक्ती नको

इथवर मी पुनरुक्ती जपा म्हणत होतो. फळ्यापाशी आलो की उलट. लोक थांबून वाचतात, आणि पुन्हा तेच दिसलं की आप्पांसारखे लगेच पकडतात.

सुरुवातीला आम्ही चिठ्ठ्या करून एका बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या होत्या. रोज एक काढायची, लिहायची, घडी करून परत डब्यात. एवढ्या चिठ्ठ्या, वर्षभर काळजी नाही असं वाटलं. महिना संपायच्या आत एक म्हण दोनदा आली आणि काढणाऱ्या मुलीवर आळ आला की ती वरवरची उचलते. बिचारीची काही चूक नव्हती. डब्यात ३६५ चिठ्ठ्या असतील आणि काढलेली परत टाकत असाल, तर २३ दिवसांत कुठली तरी एक चिठ्ठी दोनदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. ३० दिवसांत ती ७० टक्क्यांवर जाते. वर्गातल्या २३ पोरांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी निघतो, तेच हे गणित. 'कोणतीही एक काढ' म्हणणारं फोनमधलं सूत्रही हेच करतं. त्याला कालचं काही आठवत नसतं.

उपाय दुसरा डबा. काढलेली चिठ्ठी त्यात. पहिला रिकामा झाला की दुसरा पिसून पुन्हा सुरू, पण शेवटच्या ३० चिठ्ठ्या महिनाभर बाजूला ठेवायच्या. नाहीतर आखरी दिवशी लिहिलेली म्हण नव्या फेरीत दुसऱ्याच दिवशी हाताला लागू शकते. शीटमध्ये हेच काम 'फळ्यावर शेवटची तारीख' करते. त्या रकान्यावर क्रम लावा, सगळ्यात जुनी तारीख वर येईल, वरच्या वीसांतून मनाला येईल ती घ्या. लिहून झालं की लगेच तारीख टाका. संध्याकाळी टाकू म्हणणाऱ्याची तारीख कधीच पडत नाही.

निवडताना आशयाच्या रकान्यावर एक नजर. काल मातीच्या चुली झाल्या असतील तर आज पळसाची पाने नकोत. शब्द वेगळे असले तरी वाचणाऱ्याला तोच सूर लागतो.

काही ओळी मात्र दर वर्षी याव्याच लागतात. आखाजीला, पोळ्याला, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचे रोट, म्हणजे कानबाई देवीचा सण असतो तेव्हा, ३ डिसेंबरला बहिणाबाईंच्या स्मृतिदिनी. त्यांना चक्रातून बाहेर काढून तारखेपुढे 'ठरलेली' लिहा. एका वर्षी एका हौशी मुलाने कानबाईच्या दिवशी नवीन काहीतरी म्हणून इंग्रजीतून आलेला यशाचा मंत्र लिहिला. दुपारपर्यंत कुणीतरी येऊन फडक्याने पुसून गेलं होतं.

पाठवणाऱ्याला काय सांगायचं

या कामातला अवघड भाग हाच. एका निवृत्त गुरुजींनी कागदावर सुंदर अक्षरात लिहून फोटो काढून म्हण पाठवली. आमच्या मुलाने दोन मिनिटांत उत्तर दिलं, 'सर हे आधीच आहे.' खोटं काहीच नव्हतं. गुरुजींनी पुढचे दोन महिने काही पाठवलं नाही.

आता उत्तर असं जातं: 'सर, तुमची म्हण ४१ व्या नोंदीला जोडली. तुम्ही ती कुणाकडून ऐकली?' यात 'आधीच' हा शब्द नाही, आणि प्रश्न खरा आहे, उत्तर हवं असतं म्हणून विचारलेला. बहुतेक वेळा मग म्हणीपेक्षा मोठं काहीतरी येतं. एका आजींनी नातवाच्या फोनवरून सांगितलं, "मन्ही सासू अशीच म्हने, पन ती म्हने तवय हासे नही." ही म्हण चेष्टेत नाही, रागात म्हणायची असते, हे आम्हाला त्यावरून कळलं. ते त्या नोंदीखाली लिहून ठेवलं आहे.

एखादा माणूस तीच ती ओळ वारंवार पाठवत असेल तर? आमच्यात एक जिभाऊ आहेत, दर एकादशीला एकच वाक्य पाठवतात. वर्षभर आम्ही ते जोडत राहिलो. मग सोडून दिलं. 'रामराम जिभाऊ' एवढं उत्तर द्यायचं. ते म्हण पाठवत नसतात, खुशाली कळवत असतात.

परवा ४१ ला जोडायला पाचवी आली, सुरतेहून. तीत 'गावले' च्या जागी 'गल्लीले' आहे. शहरात राहून बदललं की त्यांच्या घरी आधीपासून असंच म्हणत, ते विचारलंय. उत्तर आलं की जोडायचं. तोवर जोड क्रमांकाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह राहू द्या, त्या रकान्यावर काउंटइफ लावलेलं नाही.